वीस पावलं

पूल बंद झाला तो मंगळवार. नव्वद दिवस, म्हणाले.
हिरेमठ मॅडमनं खांबाला तळवा लावून बघितलं,
गाभण म्हशीच्या पोटाला लावतात तसा,
आणि दोन्ही टोकांना वाळू भरलेली पिंपं उभी राहिली.
फलक कन्नडात. त्याखाली कुणीतरी कोळशानं मराठीत: पूल बंद हाय.
बाण मात्र एकच होता,
दोघांनाही त्याच खड्ड्यांकडं पाठवणारा.

मी होनगेकर. उद्यमबागेत ट्रान्सपोर्टचा क्लार्क.
माझ्या टेबलावर बंदर म्हणजे एक फोन
आणि फोनमध्ये मिनेझिस,
ज्याचं दर आठवड्याचं वाक्य ठरलेलं:
"बोट रावची ना, पात्रांव."
शुक्रवार, संध्याकाळचे सहा. मग गेट बंद.

पहिला कंटेनर अनमोडनं पाठवला.
घाटात कुणाचा तरी ट्रेलर आडवा पडला होता.
इमामसाब दोन दिवस केळी आणि चुरमुऱ्यावर राहिला,
ई-वे बिलाची मुदत संपली,
बोट गेली.
मिनेझिस त्या दिवशी काहीच बोलला नाही.
शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या मालाच्या एकशे बारा पेट्या.
पंपाची बिडाची कवचं, एकेक पेटी दीड क्विंटल,
अजून साच्याच्या वाळूचा वास येणारी.
मी नकाशावर बोट फिरवत बसलो होतो.
परशराम घाडी, हमालांचा मुकादम, दारातनं म्हणाला,
"पूल गाडीला बंद केलाय ओ.
माणसाला कुठं केलाय?"

मॅडम आधी नाहीच म्हणाल्या.
मग कागदावर बराच वेळ आकडे मांडले, खोडले,
आणि कामगार जेवायला बसतात तो एक तास दिला.
एका वेळी एक हातगाडी. चार माणसं.
दोन गाड्यांमध्ये इप्पत्तु हेज्जे, वीस पावलं,
एक कमी नको.
कठड्यावर चुन्याच्या रेघा त्यांनी स्वतः ओढल्या.
पलीकडं, चोर्ल्याच्या अंगाला,
मिनेझिसनं गोव्याहून रिकामा कंटेनर वर पाठवला होता,
भाड्याचं नंतर बघू म्हणाला.

तीन दुपारी.
ऊन असं की कठड्याला हात लागत नव्हता.
हमाल मोजत चालायचे: एक, दोन, मूरू, नाल्कू,
पाच, सहा, येळू,
कुठला आकडा कुठल्या भाषेतला
हे पायांना विचारायचं कारण नव्हतं.

सदुसष्टावी पेटी.
मधल्या कमानीवर चाकाची कुणी निसटली,
गाडी बसली.
ठण्ण.
तो आवाज खाली पाण्यापर्यंत गेला आणि परत आला.
पुढचे थांबले, मागचे थांबले.
मॅडम धावल्या नाहीत. आहेत तिथं उकिडव्या बसल्या,
तळवा डांबरावर ठेवला
आणि पूल काय म्हणतो ते ऐकत राहिल्या.
मी पलीकडं सीलचं पुस्तक घेऊन उभा,
पाठीवरनं घाम उतरतोय, आणि मनात, लाज वाटते सांगायला,
सहा वाजता, शुक्रवारी सहा वाजता, एवढंच.
बस्त्यावच्या हातात गाडीचा कणा होता,
त्यानं तो खाली टेकला नाही.
किती वेळ, माहीत नाही.
मग मॅडमनं हात झटकला. "होगली."
जाऊ दे.

शुक्रवारी पाच चाळीसला फोन वाजला.
"पावलें," मिनेझिस म्हणाला, आणि जेवलास का विचारलं.

नव्वदाचे एकशे त्रेचाळीस दिवस झाले.
आम्ही नऊ कंटेनर असे भरले,
परशरामची एक बोटाची नखं गेली,
हातगाडीला चार वेळा चाकं बदलली.
मग एक दिवस पिंपं हलली.

परवा इमामसाबशेजारी बसून गेलो.
भरलेला कंटेनर पाठीवर,
पूल अकरा सेकंदांत संपला. मी घड्याळ लावलं होतं.
"कठड्यावर त्या रेघा कसल्या ओ?" त्यानं विचारलं.
तेव्हा तो घाटात अडकलेला, त्याला कुठनं माहीत असणार.
मी म्हटलं, सांगतो, जांबोटीला चहाला थांब.
आणि खिडकीतनं मागं बघत
उरलेल्या रेघा मोजत राहिलो: नाल्कू, पाच,
सहा.